गुरामी तेवढा जगला

"घर चांगलं आहे, डोळे झाकून मुलगी द्या, असं तुम्हीच सांगितलं होतं ना माझ्या बाबांना? आता निस्तरा."

एवढं बोलून ती मुलगी खुर्चीवर बसली आणि पदरानं वारा घ्यायला लागली.

आवडाबाई डोणगावकरांनी चष्मा कपाळावर चढवला. क्रांती चौकात सायकलच्या दुकानाच्या माडीवर त्यांची दीड खोली होती. दारावर पाटी होती: 'खाजगी चौकशी. स्थळांची माहिती खात्रीने मिळेल.' सत्त्याऐंशीचा उन्हाळा. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि ते दर महिन्याला थोडं थोडं पसरत होतं. वाळूजला कारखाने आले आणि कारखान्यांच्या मागून कुठकुठली माणसं आली. पूर्वी मुलाचं नाव सांगितलं की गुलमंडीवरचा पानवाला त्याच्या आजोबांपर्यंतची हकिगत सांगायचा. आता शेजारच्या प्लॉटवर कोण राहतं तेही कळत नव्हतं. मुलींचे बाप मग आवडाबाईंचा जिना चढायचे.

"तू हर्णैची अश्लेषा," आवडाबाई म्हणाल्या. "सेलूकरांची सून. मंदारची बायको. कार्तिकात लग्न झालं तुझं. काय केलं मंदारनं?"

"त्यांनी काही नाही केलं. ते बिचारे वाळूजला पाळ्या करतात आणि घरी येऊन झोपतात. मासे मेलेत."

"कुणाचे?"

"नानांचे. माझ्या सासऱ्यांचे."

कोपऱ्यात मटक्याजवळ बसलेले रामकिसन पुढं सरकले. हे आवडाबाईंचे मामेभाऊ. एसटीत कंडक्टर होते, गुडघ्यांनी साथ सोडल्यावर नोकरी सुटली. आता त्यांच्या लुनावर मागं बसून आवडाबाई शहर पालथं घालायच्या. "खायचे मासे?" त्यांनी विचारलं.

"ब्राह्मणाच्या घरात खायचे मासे कुठून येतील रामकिसन?" आवडाबाई म्हणाल्या. "काचंच्या पेटीतले. मी बघितलीय ती पेटी. चौकशीला गेले तवा त्या गृहस्थांनी मला मुलाबद्दल दोन वाक्यं सांगितली आन् माशांबद्दल तासभर."

अश्लेषाला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. मग तिनं सगळं सांगितलं.

होळीला ती माहेरी गेली होती. नानांना पेटी सजवायची हौस, म्हणून येताना समुद्रावर हिंडून तिनं पिशवीभर वस्तू वेचून आणल्या. शिंपले, कवड्या, पोवळ्याचा एक पांढरा तुकडा, लाटांनी गुळगुळीत केलेलं एक लाकूड.

"सगळं मोठ्या पातेल्यात खळखळून उकळलं, नानांच्या देखत. लाकूड तर कितीदा भिजवलं, मीठ उतरावं म्हणून. देवाचा शंख तेवढा मी आईंना आधीच दिला होता, बाकी एकूण एक वस्तू उकळली. नानांनी स्वतःच्या हातानं पेटीत मांडलं. किती खूश होते! शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. पाडव्यापर्यंत मासे मजेत होते. मग एकेक करून मरायला लागले. रोज सकाळी एक तरंगलेला."

"मग?"

"मग नानांनी शिंपले, लाकूड, सगळं उचलून अंगणात फेकलं. तरी मरतायत. आता म्हणतात, विष पाण्यात उतरलंय ते उतरलंच. परवा मी चहा घेऊन जात होते, तर आईंना म्हणाले, 'ही आली आणि मासे गेले.' शनिवारच्या गाडीनं मला माहेरी पाठवतायत. 'उन्हाळा कडक आहे, पाणी नाही, जाऊन या थोडे दिवस.' इतकं गोड बोलतात की भांडताही येत नाही." तिनं पदर सोडला. "आवडामावशी, हा आळ घेऊन मी गेले, तर परत येईन ती सून म्हणून नाही. पायगुणाची म्हणून येईन. जन्मभर घरात काही फुटलं, काही नासलं की सगळे माझ्याकडं बघतील."

आवडाबाई उठल्या आणि चपला शोधायला लागल्या.

"अक्का, आपण माशांच्या केशी बी घेतो?" रामकिसननं विचारलं.

"मी ह्या घराची हमी दिली होती. लुना काढ."

*

सेलूकरांचं घर सिडकोत होतं. नवी कॉलनी, नवे रस्ते, आणि रस्त्यावर रिकाम्या बादल्यांची रांग. नळ एक दिवसाआड यायचा, तोही करंगळीएवढा. टँकर आला की साऱ्या गल्लीची झोप उडायची. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते आणि तिसऱ्याची कुणाला खात्री नव्हती.

लक्ष्मणराव सेलूकर दारातच भेटले. सरकारी कचेरीतून निवृत्त, अंगावर बंडी, चिमटीत तपकीर.

"तुम्ही? आता कसली चौकशी? लग्न होऊन गेलं की!"

"पंखा विकणारा बी वर्षभर दुरुस्ती करून देतो, लक्ष्मणराव. मासे दाखवा."

लक्ष्मणराव पडेल चेहऱ्यानं त्यांना आत घेऊन गेले. बैठकीत खिडकीशेजारी टेबलावर ती लांबरुंद पेटी होती. पाणी पातळ ताकासारखं गढूळ झालं होतं. चार गोगलगायी काचेवर अगदी वर, पाण्याच्या काठाशी येऊन चिकटल्या होत्या. खाली जाडसर वाळू आणि हिरवी झाडं. एवढ्या मोठ्या पेटीत एकच मासा फिरत होता. निळसर, मिशीसारख्या दोन लांब दोऱ्या असलेला. तो वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून एक घोट घेतला आणि पुन्हा खाली गेला.

"हा कोण?"

"गुरामी. एवढाच उरला. एंजल गेले, गोल्डफिश गेले, टेट्राचा अख्खा थवा गेला." लक्ष्मणरावांनी काचेवर बोट टेकवलं. "हा गुरामी जरा वेगळ्या जातीचा. बाकीचे मासे पाण्यातली हवा घेतात, हा वर येऊन आपल्यासारखी बाहेरची घेतो."

"लहानपणी आमच्या डोहात मरळ असायचा, तो असाच," आवडाबाई म्हणाल्या. "पाणी कधी बदललं होतं?"

"बाई, माणसं पाण्यासाठी रांगा लावतायत आणि मी माशांचं पाणी बदलू? पूर्वी दर आठवड्याला नळीनं तळ उपसायचो. माघापासून बंद केलं. आटतं तेवढं तांब्याभर ओततो, बस. आणि त्यानं काही बिघडलं नव्हतं! फाल्गुनात मासे ठणठणीत होते."

"वीज जाते का?"

"रोज रात्री. हवेचा पंप बंद पडतो. पण तीही माघापासूनच जातेय."

"सूनबाईनं आणलेल्या वस्तूंनी झालं म्हणता?"

"दुसरं काय? शिंपला म्हणजे चुना. भट्टीत जाळून त्याचाच तर चुना करतात. तो उतरला पाण्यात." त्यांनी तपकीर ओढली. "मुलगी वाईट नाही हो. पण तिच्या हातानं झालं ते झालं."

रामकिसन गुडघ्यावर हात ठेवून वाकले होते. "अक्का, हिथं बघ. कोपऱ्यातलं झाड कललंय. आन् ह्ये काय? तांदूळ!"

मागच्या कोपऱ्यात, कललेल्या झाडाच्या बुंध्याशी, वाळूवर तांदळाचे पाचसहा दाणे पडले होते. पाण्यानं फुगलेले, पण टोकाला जरा गुलाबी.

"मी माशांना तांदूळ कधी घालत नाही," लक्ष्मणराव चमकून म्हणाले. "ते गुलाबी काय आहे त्याच्यावर?"

"औषध!" रामकिसन कुजबुजले. "उंदराचं औषध असतंय अक्का, गुलाबी रंगाचं. कुणीतरी दाणे टाकलेत."

आवडाबाईंनी पेटीजवळ नाक नेलं, मागं घेतलं आणि रुमालानं पुसलं. "लक्ष्मणराव, तुमाला वास येत नाय का?"

"कसला वास? मला तपकिरीपुढं कसलाच वास येत नाही. चाळीस वर्षं झाली. हिची एकसारखी तक्रार असते, तुमच्यासाठी फोडणी करपली काय आणि नाही काय."

*

अप्पाराव काटेंचं घर भिंतीला भिंत लागून होतं. दारापुढं वाळलेलं लिंबाचं झाड आणि त्याखाली खाटेवर ते स्वतः.

"या बाई, बसा. माशांचं इचारायला आलात ना? सगळी गल्ली माझ्याकडंच बघायलीय."

"का बरं?"

"कारण मी बोललो होतो. ते बी चारचौघांत! माणसाला प्यायला पाणी नाय आन् ह्या कारकुनाचे मासे खुशाल पोहायलेत. खामखा पाण्याची नासाडी! बोललो तर बोललो. पर मारीन कशाला? ते आठवड्याचं पाणी बदलायचे तवा जुनं पाणी माझ्या लिंबाला यायचं. लई खत असतंय त्याच्यात. त्यांनी पाणी बदलायचं बंद केलं आन् माझं झाड गेलं. मासे जगले असते तर माझा फायदाच व्हता की!"

"तुमच्याकडं उंदराचं औषध आहे का?" रामकिसननं एकदम विचारलं.

"आहे ना! देऊ का तुमाला? घोटभर पाण्यासंगं घ्या. पाणी मातर घरून आणा."

आवडाबाईंनी हसू दाबलं.

"तुमी त्यांच्या घरात जाता का?"

"पेपर वाचायला, ओसरीपर्यंत. पंधरा दिवसांत तेबी नाय. बोलणं बंद आहे आमचं. वैनी मातर बोलतात हं, बाई सोन्यासारखी आहे. पाडव्याच्या आधी भिंतीवरनं इचारत व्हत्या, अप्पाराव, पैठणला जाणं आहे का इतक्यात? म्हणलं, वैनी, गोदावरीत गुडघाभर चिखल आहे नुसता, जाऊन काय करू? तर बिचाऱ्या लई नाराज झाल्या."

"काय काम होतं पैठणला?"

"नाय बा सांगितलं. काहीतरी द्यायचं व्हतं म्हणे."

*

सेलूकरांच्या मागच्या अंगणात कामवाली द्वारकाबाई राखेनं भांडी घासत होती. वाळूज रस्त्याच्या एका खेड्यातून आलेली, बोलायला सैल.

"पेटीला मी हात लावत नाय बाई. नाना लावूच देत नाहीत. मागं एकदा फडकं मारलं काचंवर तर केवढं वरडले!"

"फिनेल वापरतेस का?"

"फिनेलला पाणी लागतंय. पाणी कुठं हाय? केरसुणी फिरवते, झालं." तिनं तवा उलटा केला. "बैठकीत घाण येतीय, मी बोलले. तर आईसाहेबांनी उदबत्त्या वाढवल्या. आधी देवघरात लावायच्या पुडाच्या पुडा, आता बैठकीत लावतात."

"देवघरात कशाला?"

"तिथं मुंग्या लई झाल्या व्हत्या ना! आवसेच्या आधी. ही एवढी रांग. मला आत जायला मुभा नाय, उंबऱ्यातनं बघितली. आईसाहेबांनी हळद टाकली. आता नाय राहिल्या."

आवडाबाईंनी चष्मा सारखा केला. "द्वारकाबाई, तुझ्या गावाची नदी कोणती गं?"

"खाम. नदी कसली, वाळू नुसती. क्रिकेट खेळतेत पोरं."

"व्हय," आवडाबाई म्हणाल्या. "तेच बघत होते."

रामकिसनना नदीचा आणि माशांचा संबंध लागला नाही. त्यांनी तसं सांगितलंही. आवडाबाई तोवर देवघराकडं वळल्या होत्या.

*

यमुनाबाई सेलूकर देवघरात फुलवाती वळत होत्या. बारीक चणीच्या, स्वच्छ, हळू बोलणाऱ्या. त्यांनी आवडाबाईंना उंबऱ्याबाहेर पाट दिला, गुळाचा खडा दिला आणि अर्धं फुलपात्र पाणी दिलं. त्या उन्हाळ्यात कुणाच्याही घरी अर्धंच मिळायचं आणि त्याचं कुणाला वाईट वाटायचं नाही.

देवघर लखलखीत होतं. चांदीची लहानशी कृष्णमूर्ती, ताम्हन, घंटा, आणि घंटेशेजारी तीन पायांची पितळी अडणी. अडणीवर काही नव्हतं. खुंटीला निर्माल्याची फुगलेली पिशवी टांगलेली होती.

"एवढं निर्माल्य साठलंय?"

"काय करू? सोडायला वाहतं पाणी नाही. कचऱ्यात टाकवत नाही. पाऊस पडला की मंदार नेईल."

"शनिवारी सूनबाई निघाली म्हणे."

यमुनाबाईंच्या हातातली वात सुटली. "यांनी ठरवलं. मी किती सांगितलं, तिचा दोष नाही. चांगली आहे हो पोर. इतक्या लांबून आली, उंबऱ्याबाहेर सगळं कोरडं ठाक, पण कधी तोंड वाकडं केलं नाही."

"मग ठामपणानं सांगायचं."

"कशाच्या जोरावर सांगू?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की आवडाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. त्या उठल्या.

"संध्याकाळी सगळ्यांना बैठकीत बसवा. अप्पारावांना बी बोलवा. आन् एक मोठं घमेलं लागंल."

*

दिवेलागणीला सगळे जमले. लक्ष्मणराव खुर्चीत, मंदार दाराशी, अप्पाराव लांब भिंतीकडं तोंड करून, द्वारकाबाई उंबऱ्यात. अश्लेषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची भरलेली पिशवी तिच्यामागं दिसत होती. यमुनाबाई पेटीपासून सगळ्यांत दूर बसल्या होत्या.

"आधी शिंपल्यांचं बोलू," आवडाबाईंनी सुरुवात केली. "लक्ष्मणराव, शिंपला म्हणजे चुना, हे तुमचं बरोबर आहे. समुद्राची वस्तू गोड्या पाण्यात ठेवली तर हळूहळू विरघळते, पाणी जड होतं. काही माशांना ते सोसत नाय. पर हळूहळू. तुम्ही पान खाता तवा चुना बोटावर घेता, शिंपला चावत नाय. होळीपासून पाडव्यापर्यंत शिंपले पाण्यात होते आन् मासे मजेत होते. शिंपले काढले, तरी मरणं थांबलं नाय. म्हणजे मारणारा शिंपल्यांमधी नव्हता."

"मीठ?" मंदारनं विचारलं.

"लाकूड शिंपल्यांसंगंच गेलं, शिंपल्यांसंगंच निघालं. त्यालाही तोच न्याय."

"विष!" रामकिसन म्हणाले. "गुलाबी तांदूळ!"

"मग हा कसा जगला?" आवडाबाईंनी पेटीकडं बोट केलं. गुरामी तेवढ्यात वर आला आणि घोट घेऊन गेला. "पाण्यात विष असतं तर ह्यालाबी मारलं असतं. हा त्याच पाण्यात राहतो, तेच खातो. फक्त श्वास बाहेर येऊन घेतो. आन् गोगलगायी बघा, सगळ्या वर येऊन चिकटल्यात. म्हणजे पाण्यात विष आलेलं नाय. पाण्यातली हवा गेलीय. बाकीचे मासे गुदमरले. आन् मरत होते पहाटे, कारण रात्री वीज गेली की पंप बंद."

"वीज माघापासून जाते, मी सांगितलं होतं," लक्ष्मणराव म्हणाले.

"व्हय. म्हणून नुसती वीज बी नाय. पाडव्याच्या सुमाराला ह्या पाण्यात असं काहीतरी आलं, जे हवा खाऊन टाकतं. आमच्या गावच्या विहिरीत एकदा घूस पडली होती. दोन दिवसांत पाणी असंच ताकासारखं झालं, असाच वास, आन् मासे वर तरंगले. मेलेलं काहीतरी कुजतंय ह्या पेटीत."

"मेलेले मासे मी रोज काढतो!"

"मासा नाय. अश्लेषा, तू समुद्रावरनं आणलेलं सगळं उकळलंस?"

"सगळं. देवाचा शंख—" ती थांबली. तिचा हात तोंडाकडं गेला.

"देवाचा शंख सोडून," आवडाबाई म्हणाल्या. "देवाच्या वस्तूला कुणी चुलीवर उकळतं का? नाय उकळत. तो धुतला आन् अडणीवर ठेवला. पर समुद्रावरचा ताजा शंख म्हणजे नुसतं घर नसतं. कधी कधी घरात मालक असतो. पार आत, शेवटच्या वळणात. थोड्या दिवसांनी देवघरात मुंग्यांची रांग लागली. वास यायला लागला. उदबत्त्यांचे पुडे संपायला लागले. आवस झाली, मुंग्या गेल्या, अडणी रिकामी झाली. शंख गेला कुठं?"

अप्पारावांनी भिंतीकडून तोंड वळवलं होतं.

"देवाची वस्तू बिघडली तर तुमी-आमी काय करतो? कचऱ्यात टाकत नाय. वाहत्या पाण्यात सोडतो. पर खाम कोरडी. पैठणला जाणारं कुणी नाय, अप्पारावांना भिंतीवरनं विचारून झालं. निर्माल्य वाळलं म्हणजे पिशवीत टिकतं, पर नासलेला शंख घरात किती दिवस ठेवणार? उद्यावर पाडवा आलेला. साऱ्या शहरात त्या दिवशी भरलेलं, झाडं असलेलं, जीव असलेलं पाणी एकच होतं." त्यांनी पेटीच्या काचेवर टिचकी मारली. "आन् रामकिसन, तुझं उंदराचं औषध म्हणजे कुंकू. तांदूळ नव्हेत ते, अक्षता आहेत. मारायला कुणी आलं नव्हतं. पूजा करून गेलं."

आवडाबाईंनी बाही कोपरावर सारली, हात पाण्यात घातला, आणि कललेल्या झाडामागची वाळू उकरली. पांढरा, मुठीएवढा शंख वर आला. घमेल्यात ठेवताच त्यातून काळपट पाणी गळलं आणि खोलीतल्या सगळ्यांनी नाकाला पदर आणि रुमाल लावले. एकट्या लक्ष्मणरावांनी लावला नाही.

"घ्या यमुनाबाई," आवडाबाई म्हणाल्या. "विसर्जन करताना 'पुनरागमनाय च' म्हणालात ना? आला परत."

यमुनाबाई हसल्या की रडल्या, कुणाला नीट कळलं नाही.

"म्हणाले," त्या म्हणाल्या. "सवयीनं म्हणाले हो. पहिल्या दिवसापासून त्यात पाणी मावत नव्हतं. पळीभर घातलं की बाहेर. मला वाटलं, समुद्राचा शंख असाच असेल. मग मुंग्या आल्या. माशांना त्याचं काही होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाण्यातली वस्तू पाण्यात गेली, एवढंच वाटलं."

"मग मासे मरायला लागल्यावर का नाही बोललीस?" लक्ष्मणराव उठून उभे राहिले.

"शंका आली होती. पण तुम्ही शिंपले फेकले तेव्हा हिच्या चेहऱ्याकडं पाहिलंत? किती हौसेनं तिनं तो शंख माझ्या हातात दिला होता. 'आई, हा तुमच्या कृष्णाला.' या घरात आल्यावर तिनं मला दिलेली पहिली वस्तू. ती देवघरात नासली, मुंग्या लागल्या, असं तुमच्यापुढं सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? मासेही हिच्यामुळं आणि देवही हिच्यामुळंच बाटला, असंच ना? म्हणून गप्प राहिले. वाटलं, शिंपल्यांवर भागेल. भागलं नाही. मग तोंड उघडायला उशीर झाला होता."

अश्लेषा दारातून पुढं आली.

"शंख बघूनच घ्यायला हवा होता मी," अश्लेषा हळूच म्हणाली. "समुद्रावर वाढलेली मी, आणि आत जीव आहे हे कळलं नाही."

"तुझ्या घाईची चूक, यमुनाबाईंच्या सोवळ्याची चूक, पाऊस पडत नाही ही वरच्याची चूक," आवडाबाई म्हणाल्या. "आन् लक्ष्मणरावांच्या नाकाची. घरातल्या सगळ्यांना वास येत होता. घरच्या कर्त्या पुरुषालाच येत नव्हता, म्हणून कुणी बोललं नाय. पायगुणाचा ह्यात काही संबंध असेल तर मला दाखवा."

लक्ष्मणरावांनी घमेल्याकडं पाहिलं. मग त्यांनी बंडीच्या खिशातून तपकिरीची डबी काढली, उघडली, आणि न ओढता बंद केली.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी जे बोललो ते तुमच्या कानावर आलं होतं का?"

"हो, नाना."

"ते मी परत घेतो. या सगळ्यांसमोर." त्यांनी अप्पारावांकडंही पाहिलं. "तुमच्यावरचा संशयही घेतो परत."

"माझ्या लिंबाचं काय?" अप्पाराव म्हणाले.

"आज ही पेटी अर्धी उपसावी लागेल. पाणी तुमचंच."

"मग ठीक आहे. लई वास मारतंय, चांगलं खत होईल." अप्पाराव बादली आणायला उठले.

"गुरामीला आत्ताच वेगळ्या भांड्यात काढा," आवडाबाईंनी बजावलं. "वरची हवा घेतो म्हणून टिकला, पर असल्या पाण्यात त्याचाबी फार दिवस निभाव लागला नसता."

मंदार धावला. तेवढ्यात लक्ष्मणरावांचं लक्ष पिशवीकडं गेलं. "आता ती पिशवी सोडा. शनिवारचं तिकीट मी रद्द करून आणतो."

"नको, नाना," अश्लेषा म्हणाली. "मी जाणार आहे."

यमुनाबाईंचा चेहरा उतरला.

"पण आणखी एक तिकीट काढा. आईंना घेऊन जाते. हा शंख त्यांनी स्वतःच्या हातानं समुद्रात सोडायला हवा, तरच तो परत येणार नाही. आणि आईंनी अजून समुद्र पाहिलेला नाही. मला लग्नात म्हणाल्या होत्या."

"मी?" यमुनाबाई गोंधळल्या. "अगं, मी कुठं येऊ? माझे देव? त्यांची रोजची पूजा कोण करील?"

"मी करीन," लक्ष्मणराव म्हणाले.

"तुम्हाला येते?"

"मासे जगवता आले नाहीत, देव तरी जगवून दाखवतो."

द्वारकाबाई तोंडाला पदर लावून हसली. रामकिसन तर मोकळेपणानं हसले आणि मग आवडाबाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "अक्का, म्हंजे उंदराचं औषध कुणीच नाय टाकलं?"

"नाय रे बाबा."

"बरं झालं," ते समाधानानं म्हणाले.

अंगणात अप्पारावांची बादली वाजायला लागली. यमुनाबाई अजून तिथंच बसून होत्या. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करून त्यांनी अश्लेषाला जवळ बोलावलं.

"नदीची आपण ओटी भरतो. समुद्राला काय देतात गं?"

"नारळ. पण इथून घेऊ नका हं, आई. आमच्याकडं तेवढेच तर पिकतात."

"मग रिकाम्या हातानं कसं जायचं? पहिल्यांदाच भेटणार त्याला."

"बाजरीची भाकरी करून घ्या," अश्लेषा म्हणाली. "तुमच्या हातची. त्याला देऊ थोडी, बाकीची आपण दोघी तिथंच वाळूत बसून खाऊ."

यमुनाबाई उठल्या आणि पीठ किती आहे ते बघायला आत गेल्या.